१९८७ची इमारत, २०१६चा कोड आणि '२८ पैकी २३ कॉलम फेल'

चरईकर_सेक्रेटरी

मंडळी, मी इंजिनिअर नाही. बँकेतून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात सोसायटीने सेक्रेटरी करून टाकलं. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

इमारत ठाण्यात, चरईत. तळमजला अधिक चार, २० फ्लॅट, ओसी (वापर परवाना) १९८७ची. तीस वर्षं उलटली की स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं, म्हणून केलं. रिपोर्ट आला १४० पानांचा. पहिली १३९ पानं कॉम्प्युटरमधून निघालेले आकडे आणि शेवटच्या पानावर एक वाक्य: '२८ पैकी २३ कॉलम फेल, इमारत सी-१ वर्गात टाकण्याची शिफारस.' सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा.

इमारत गळते, मान्य. दोन-तीन ठिकाणी प्लास्टर पडलंय, तेही मान्य. पण २३ कॉलम फेल असलेली इमारत उभी कशी आहे, हे मला कळत नाही. ऑडिटरना विचारलं तर म्हणाले, "लेटेस्ट कोडप्रमाणे चेक केलंय." कोड म्हणजे बांधकामाचे नियम ना? मग १९८७ साली २०१६चा कोड कुठून आणायचा? कुणाला असा अनुभव आहे का?

पोपडे_पडले

आधी सांगा, ऑडिटर कुणी सुचवला? बिल्डरने ना?

चरईकर_सेक्रेटरी

हो. रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू होती, त्यांच्याच ओळखीचे. पण नुसत्या संशयावर मला काही म्हणायचं नाही. नावं नकोत, मुद्द्यावर बोलू.

सळईवाला

ठाण्यातच आरसीसी कन्सल्टिंग करतो. रिपोर्टच्या सुरुवातीला 'डिझाइन बेसिस' असं पान असेल, त्यातलं एवढं लिहून टाका: कुठले कोड लावले, काँक्रीटची ग्रेड (ताकदीचा दर्जा, एम१५, एम२० असा) कुठली धरली, कोअर टेस्टचे (इमारतीतून कापून काढलेल्या काँक्रीटच्या सिलिंडरचे) आकडे, आणि R व I असे दोन फॅक्टर असतात त्यांच्या किमती.

चरईकर_सेक्रेटरी

सापडलं. कोड: आयएस ४५६:२०००, आयएस १८९३ भाग १:२०१६, आयएस १३९२०:२०१६. ग्रेड एम२०. कोअर तीन काढले: १३.६, १४.२, १२.९. पुढे 'नॉट अॅक्सेप्टेबल' असा लाल शिक्का. R = ५, I = १.२.

सळईवाला

धन्यवाद. आयएस म्हणजे भारतीय मानक: ४५६ काँक्रीटचं, १८९३ भूकंपाच्या भाराचं, १३९२० भूकंपासाठी सळया-रिंगा कशा ठेवायच्या त्याचं. आता एकेक बघू.

कोअर. १९८७ साली चालू होता आयएस ४५६:१९७८. त्यात आरसीसीला एम१५ चालत असे आणि ठाण्यात त्या काळच्या बहुतेक चार मजली इमारती एम१५च्याच. एम२० हे किमान झालं २००० सालच्या आवृत्तीत. कोअरचा नियम असा की तिन्हींची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. तुमची सरासरी येते १३.५७. एम१५चे ८५ टक्के म्हणजे १२.७५, झालं पास. सगळ्यात कमी १२.९, हवे ११.२५, तेही पास. तेच एम२० धरलं की १७ हवेत आणि शिक्का लाल. काँक्रीट तेच, सिलिंडर तेच. फक्त अपेक्षा कुठल्या सालची ठेवायची एवढाच फरक.

कॉलम. तुमचे कॉलम नऊ इंची असणार, भिंतीत लपवलेले. २०१६च्या १३९२०मध्ये कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिमी, किंवा बीममधल्या सर्वात जाड सळईच्या वीस पट, यातलं जे मोठं ते. म्हणजे २३० मिमीचा कॉलम कॉम्प्युटरला दाखवला की भार किती आहे हे बघायच्या आतच फेल. त्या २३ कॉलमच्या पुढे 'रिमार्क' रकाना असेल. त्यात किती ठिकाणी फक्त 'साइज' आणि 'रिंग डिटेलिंग' (उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची मांडणी) लिहिलंय ते मोजा.

I, म्हणजे इमारतीच्या महत्त्वाचा गुणक. १.२ हा निवासी किंवा व्यापारी इमारतीत २०० पेक्षा जास्त माणसं असतील तर. २० फ्लॅटमध्ये गणपतीतसुद्धा २०० माणसं जमत नाहीत. भूकंपाचा भार उगाच २० टक्क्यांनी फुगवलाय.

चरईकर_सेक्रेटरी

मोजले. २३ पैकी १७ ठिकाणी फक्त साइज आणि डिटेलिंग. उरलेल्या ६ ठिकाणी 'कपॅसिटी एक्सीडेड' असं आहे.

माधवी_बेलापूर

सळईवाला भाऊ, निम्मं पटलं. पण सेक्रेटरी साहेबांना फार निर्धास्त करू नका. कोअरचा ८५-७५चा नियम नवीन काँक्रीट स्वीकारायचं की नाही यासाठी आहे. साइटवर क्यूब (काँक्रीटचे नमुना ठोकळे) फेल गेले की आपण तो काढतो. चाळीस वर्षांच्या इमारतीत 'एम१५ला पास झालं' म्हणून विषय संपत नाही. तिथे जी ताकद प्रत्यक्ष मिळाली ती घालून हिशेब करायचा, ग्रेडचं नाव काहीही असो.

आणि तुम्ही R वरून पुढे गेलात. माझ्या मते रिपोर्टमधली सगळ्यात मोठी चूक तीच, आणि ती उलट्या दिशेची आहे. R म्हणजे उधारी. R = ५ घेतलं म्हणजे 'भूकंपात ही फ्रेम तुटणार नाही, वाकेल, ताण पचवेल' असं वचन देऊन आपण भार पाचाने भागून घेतला. ते वचन पाळतात रिंगा: कॉलमच्या टोकांना जवळ जवळ, आणि हूक १३५ अंशांत आत वळवलेले. १९८७च्या इमारतीत रिंगा नऊ इंचांवर आणि हूक काटकोनात. भूकंपात कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडालं की काटकोनातला हूक उघडतो. अशा फ्रेमला R = ५ लावणं म्हणजे पगाराची स्लिप नसताना कर्ज मंजूर करणं, साहेबांना बँकेच्या भाषेत कळेल.

म्हणजे या रिपोर्टमध्ये नव्या कोडचा सवलतीचा भागही उचललाय आणि शिक्षेचाही. दोन आवृत्त्यांची खिचडी वाईटच. पण एकाच आवृत्तीतलं अर्धं कलम लावणं हीसुद्धा खिचडीच.

सळईवाला

R चं मान्य. माझ्या नजरेतून सुटलं.

कोपरीचे_काका

मुलांनो, मी १९७८च्या कोडवर अख्खं करिअर केलं, स्लाइड रूल ते कॅल्क्युलेटर. थोडं जुनं सांगतो.

१८९३ पहिल्यांदा आला १९६२ साली. मग १९६६, ७०, ७५, ८४, २००२, २०१६. दर आवृत्तीमागे कुठेतरी जमीन हललेली असते. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयना हलली तेव्हा आम्ही ठाण्याच्या चाळीत भांडी वाजताना ऐकली. त्यानंतर तिकडचा भूकंप-झोन बदलला. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी झालं, तो भाग १९८४च्या नकाशात झोन १ मध्ये, म्हणजे सर्वात कमी धोक्याचा. २६ जानेवारी २००१ला भुज. २००२च्या आवृत्तीत झोन १ काढूनच टाकला. ठाणे-मुंबई तेव्हाही झोन ३, २०१६च्या आवृत्तीतही झोन ३.

आता गंमत बघा. १९८४च्या कोडमध्ये झोन ३चा मूळ आकडा ०.०४. साध्या फ्रेमला K = १.६, डक्टाइल, म्हणजे न तुटता वाकणाऱ्या, फ्रेमला K = १. म्हणजे C (पिरियडवर ठरणारा), माती आणि महत्त्व यांचे गुणक १ धरले तर इमारतीच्या वजनाच्या ६.४ टक्के किंवा ४ टक्के आडवा भार. आता २०१६चं करा: झोन ३चा Z = ०.१६, त्याचा निम्मा ०.०८, गुणिले २.५, भागिले R. R = ३ धरलं तर ६.७ टक्के, R = ५ धरलं तर ४ टक्के. ६.४ आणि ६.७, ४ आणि ४! लोकांना वाटतं नवा कोड म्हणजे दुप्पट भार. कमी उंचीच्या इमारतीला तसं नाही हो.

फरक कुठे पडला? एक, पिरियड, म्हणजे इमारतीला एक झोका घ्यायला लागणारा वेळ. आम्ही मजल्यांची संख्या गुणिले ०.१ करायचो. पाच मजले म्हणजे अर्धा सेकंद, आणि पिरियड वाढला की C घसरायचा. आता विटांच्या भिंती धरून ०.०९ गुणिले उंची भागिले रुंदीचं वर्गमूळ करतात. १५ मीटर उंची, १२ मीटर रुंदी धरा, उत्तर ०.३९. इमारत कागदावर ताठर झाली, भार वाढला. दोन, २०१६मध्ये बीमचा जडत्वाघूर्ण ३५ टक्के आणि कॉलमचा ७० टक्केच धरायचा, तडे गेलेत असं समजून. इमारत जास्त झुलते. तीन, जी सर्वात मोठी: साधी फ्रेम झोन ३, ४, ५मध्ये आता चालतच नाही. डक्टाइलच हवी. आमच्या काळी १३९२० जन्मालाच आला नव्हता, तो १९९३चा. त्याआधी आयएस ४३२६च्या १९७६च्या आवृत्तीत डक्टाइलचे चार नियम होते, पण चार मजल्यांना ते लावणारा कन्सल्टंट मी तरी ठाण्यात पाहिला नाही. मी स्वतःही लावले नाहीत. खोटं कशाला बोलू.

पोपडे_पडले

काका, जडत्वाघूर्ण म्हणजे काय ते नका सांगू, पण शब्द झकास आहे.

सळईवाला

काकांचा हिशेब प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे.

साहेब, मूळ मुद्दा. जुनी इमारत तपासायला वेगळा कोड आहे, आयएस १५९८८:२०१३. तो नव्या इमारतीच्या कोडने जुनीला फाशी देत नाही. त्यात ताकदीच्या तपासणीसाठी भूकंपाचा भार साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास घेतात, कारण उरलेलं आयुष्य कमी. दुसरं म्हणजे तुमच्याकडे माहिती किती भरवशाची आहे त्यावर 'नॉलेज फॅक्टर' लागतो. मूळ आरसीसी ड्रॉइंग हातात आहेत, सळया उघडून बघितल्या आहेत, तर जास्त गुण. काहीच नाही, अंदाजपंचे, तर ताकद थेट निम्म्यापर्यंत कापली जाते.

म्हणून तुमचं पहिलं काम इंजिनिअर शोधणं नाही, ड्रॉइंग शोधणं. सोसायटीचं कपाट, मूळ बिल्डरचे वारस, पालिकेचा नकाशा विभाग. जुन्या अमोनिया प्रिंट असतील, निळसर, घडीवर फाटलेल्या. त्यात 'टॉर' लिहिलंय की 'एमएस' हे बघा. पिळाची सळई ४१५ची, साधी गोल २५०ची. साध्या सळईला टॉर समजून हिशेब केला की सगळंच वाहून जातं.

तुर्भेकर_फॅब्रिकेशन

थोडं अवांतर. टीटीसी एमआयडीसीत माझी शेड, १९९१ची, स्टीलच्या कोडवर, आयएस ८००:१९८४वर, डिझाइन. आत मेझनाइन (मधला माळा) टाकायचाय. नवा इंजिनिअर २००७च्या कोडने करतो म्हणतो. जुने आयएसएमबी (स्टीलचे आय-बीम) त्यात बसतील का?

माधवी_बेलापूर

अवांतर नाही, तोच विषय आहे. १९८४मध्ये वाकण्याच्या ताणाला परवानगी स्टीलच्या ताकदीच्या ०.६६ पट, ०.६६ गुणिले २५०, म्हणजे १६५. २००७मध्ये भार १.५ने वाढवायचा आणि स्टीलची ताकद १.१ने भागायची. दोन्ही मिळून १.६५, म्हणजे १५१च्या आसपास. पण नव्या कोडमध्ये प्लास्टिक मोड्युलस (बीमची पूर्ण ताकद धरणारा आकडा) वापरता येतो, तो आयएसएमबीला साधारण १४ टक्के जास्त. गुणाकार केला की १७२च्या पुढे. म्हणजे वरच्या फ्लँजला (आडव्या पट्टीला) स्लॅबचा आधार असलेल्या बीमला नवा कोड उलट थोडा उदार आहे. जिथे फ्लँज मोकळी आहे, आडवा आधार नाही, तिथे मात्र नीट तपासा. आणि जुन्या १६५ला नवे १.५ लावू नका. हा प्रकार मी एका शेडच्या हिशेबात स्वतः पाहिलाय. दोन्हीकडून सुरक्षितता मोजली आणि मालकाला गरज नसलेल्या प्लेटा वेल्ड करायला लावल्या.

उलवे_साइट

आमचं उलटं दुखणं. टॉवरचं डिझाइन २०१६च्या मध्याला २००२च्या कोडने झालं, प्लिंथ (जोतं) झाला, आणि डिसेंबरमध्ये नवा १८९३ आला. त्यात आडवा भार घेणाऱ्या फ्रेमला फ्लोटिंग कॉलम (खाली पायापर्यंत न जाता बीमवर उभा असलेला) चालत नाही, आणि आमच्या पोडियमवर ते चार होते. बॉस म्हणाले, सीसी (बांधकाम परवानगी) जुन्या तारखेची आहे, चालू द्या. मग २०१८ला दोन मजले वाढवायचा सुधारित नकाशा टाकला. प्रूफ चेक करणाऱ्या प्राध्यापकांनी एकच प्रश्न विचारला: "वरचे दोन मजले २०१६चे आणि खालचे २००२चे? भूकंपाला कसं सांगणार?" चारही कॉलम खालपर्यंत आले. पार्किंगचे तीन स्लॉट गेले. विक्रीवाले आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत.

चरईकर_सेक्रेटरी

यावरून आठवलं. आम्हाला लिफ्ट बसवायची आहे, बाहेरच्या बाजूने. निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे. लिफ्ट लावली की अख्खी इमारत नव्या कोडमध्ये आणावी लागते का?

माधवी_बेलापूर

१८९३मध्ये याचं उत्तर २००२च्या आवृत्तीतच आहे. जोडकाम स्वतंत्र उभं असेल, स्वतःचा पाया, इमारतीपासून फट, तर फक्त जोडकाम नव्या कोडचं हवं. इमारतीला जखडलं तर अख्खी इमारत नव्या नियमांत बसली पाहिजे. त्यातून सुटका एवढीच: जोडकाम स्वतः नव्या कोडचं असावं, जुन्या कुठल्याही भागावर भूकंपाचा भार ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये (वाढलाच तर तो भाग नव्या नियमात बसावा), आणि कुठल्या भागाची ताकद गरजेखाली घटू नये.

त्यामुळे लिफ्टचा सांगाडा वेगळा उभा करा. इमारतीच्या बीमला अँकर मारून टांगलेली लिफ्ट कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. इमारतीला चिकटलेला काँक्रीटचा शाफ्ट एका कोपऱ्यात आला तर इमारत भूकंपात त्याच्याभोवती पिळवटते, हेही लक्षात ठेवा.

कोपरीचे_काका

भूकंपावर एवढी चर्चा झाली, एक विचारतो. ठाण्यात तुम्ही आजवर किती इमारती भूकंपाने पडलेल्या पाहिल्या? मी एकही नाही. गंजाने आणि कच्च्या कामाने पडलेल्या मात्र पाहिल्या. ४ एप्रिल २०१३ची शीळफाट्याची इमारत आठवते ना? ७४ माणसं गेली. ती तर बांधकाम चालू असतानाच कोसळली. तिथे कुठल्याच सालचा कोड नव्हता.

आपल्याकडे आवृत्त्यांमधला खरा फरक कव्हरचा. १९७८मध्ये बीमच्या मुख्य सळईला २५ मिमी कव्हर, स्लॅबला १५. मोजायचं मुख्य सळईपासून. तिच्या बाहेर ६-८ मिमीची रिंग, म्हणजे रिंगेवर उरले १७-१९ मिमी. २००० सालापासून कव्हर मोजतात सगळ्यात बाहेरच्या सळईपासून, म्हणजे रिंगेपासून, आणि समुद्रकाठच्या हवेला उघड्या काँक्रीटला ४५ मिमी व एम३०. दोन कोडमधला '२५' आणि '४५' शेजारी ठेवून वजाबाकी करू नका, मोजपट्टी वेगवेगळ्या ठिकाणाहून लावलीय. आमची खाडी काही लांब नाही. रिंग आधी गंजते, फुगते, कव्हर ढकलते, मग मुख्य सळई. तुमच्या २८ कॉलमपैकी किती उघडून पाहिले?

चरईकर_सेक्रेटरी

रिपोर्टप्रमाणे एकही नाही. हॅमर मारला आणि तीन कोअर काढले, तेवढंच.

सळईवाला

मग काकांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. आधी उघडा.

चरईकर_सेक्रेटरी

(सात आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, पण सांगायला बरंच आहे.

ड्रॉइंग मिळाली! सोसायटीच्या कपाटात नाही, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या पलंगाखाली. यजमान पहिले सेक्रेटरी होते, त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलेली. निळ्या प्रिंट, पाच शीट. एम१५, टॉर, स्टॅम्पवर १९८५.

नवीन ऑडिटर नेमला, बिल्डरशी संबंध नसलेला. त्यांनी १२ कॉलम आणि ८ बीम उघडले. मी स्वतः उभा होतो. माणूस छिन्नीने प्लास्टर काढतो, मग काँक्रीट, आणि आतून सळई दिसते तेव्हा पोटात कसंसं होतं. त्यांनी बाटलीतून फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. जिथे काँक्रीट शाबूत तिथे गुलाबी होतं म्हणे. जिन्याजवळच्या कॉलमला बाहेरचा अर्धा इंच पांढराच राहिला आणि आत लगेच गुलाबी झाला, सळई काळी, स्वच्छ. टॉयलेटच्या डक्टमधल्या कॉलमला मात्र सळईच्या मागेपर्यंत गुलाबी कुठेच नाही. ६ मिमीची रिंग बोटाने उचलली तर हातात भुगा आला.

निकाल: रिपोर्ट १५९८८ला धरून केलाय, ड्रॉइंग असल्यामुळे नॉलेज फॅक्टर चांगला मिळाला, R = ५ नाही घेतला. पाच कॉलमना जॅकेटिंग (जुन्या कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीट), पाचही टॉयलेटच्या डक्टलगत. पहिल्या रिपोर्टच्या 'कपॅसिटी' वाल्या सहांपैकी चार यातच आले. पाचवा त्या यादीत नव्हताच! सात बीम आणि टॉयलेटचे स्लॅब दुरुस्त, त्याआधी सगळं प्लंबिंग बदलायचं. वर्ग सी-२ बी, म्हणजे राहतं घर न सोडता दुरुस्ती. भूकंपाच्या बाबतीत स्पष्ट लिहिलंय की इमारत नव्या कोडच्या बरोबरीची नाही आणि या दुरुस्तीने होणारही नाही. सभेत हे वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं. रीडेव्हलपमेंट हवंच असेल तर ते जागेच्या हिशेबाने ठरवू, 'फेल'च्या धाकाने नको, असं ठरलं.

माधवी_बेलापूर

ते वाक्य लिहिणारा ऑडिटर जपून ठेवा. जॅकेटिंग करताना नव्या रिंगांचे हूक १३५चेच असू द्या. जुन्या कॉलमला जुने हूक म्हणून ठेकेदार काटकोनात वळवेल.

कोपरीचे_काका

आणि जॅकेट एका मजल्यावर थांबवू नका हो. पायापासून वरपर्यंत.

चरईकर_सेक्रेटरी

पायापासूनच आहे, काका. काम दिवाळीनंतर सुरू. लिफ्टचा सांगाडा वेगळा, स्वतःच्या पायावर, पण त्याची एक फूटिंग नेमकी ट्रंकवाल्या काकूंच्या पारिजातकाखाली येते आणि काकू म्हणतात ड्रॉइंग परत द्या.

पोपडे_पडले

फूटिंग सरकवा.

सळईवाला

फूटिंग सरकेल. प्लॅन पाठवा, बघतो.